चौसष्ट मात्रांवर बोलायचं कसं: कॉन्ट्रा डान्सचं कॉलिंग आणि वादकांशी जुळवणी

अमेरिकेतल्या कॉन्ट्रा डान्सची, म्हणजे समोरासमोर रांगा करून जोड्यांनी करायच्या लोकनाचाची, एक रीत मला फार मोलाची वाटते. तिथे नाचासाठी सहसा रेकॉर्ड लावत नाहीत. मंचावर माणसं बसून वाजवतात. फिडल, पियानो, गिटार, कधी अकॉर्डियन, कधी बासरी किंवा मँडोलिन. गावातल्या लहानशा हॉलमध्ये तीस-चाळीस माणसं जमली तरी दोन-तीन वादक असतातच. त्यांच्या शेजारी माइक घेऊन कॉलर उभा असतो आणि पुढची हालचाल कोणती, ते नाचणाऱ्यांना वेळेवर सांगतो.

हा लेख त्या माइकमागे उभं राहू पाहणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही नाचायला जाता, हालचाली अंगवळणी पडल्या आहेत आणि आता कॉल करून बघावंसं वाटतंय, एवढं मी गृहीत धरतो. नुसतं कुतूहल असेल तरी वाचा. पुढच्या नाचात कान वेगळ्या गोष्टी टिपू लागतील.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. लोकांनी शेवटी धुनीवर नाचायला हवं. कॉलरचा आवाज तिथवर नेण्यापुरता. नाचाची निवड, शिकवण्याची पद्धत, वादकांशी बोलणं, सगळं याच कसोटीवर पारखून घ्यावं.

आधी रचना, थोडक्यात

लंडनमध्ये १६५१ साली जॉन प्लेफर्डने इंग्लिश कंट्री डान्सचा पहिला मोठा छापील संग्रह काढला. समोरासमोर रांगा करून नाचायची ती पद्धत फ्रान्समध्ये गेली, अटलांटिक ओलांडून अमेरिकेच्या ईशान्येला न्यू इंग्लंडमध्ये रुजली आणि तिथे स्कॉटिश, आयरिश, फ्रेंच-कॅनेडियन धुनींची तिला जोड मिळाली. विसाव्या शतकात ती बऱ्याच ठिकाणी विझत आली, पण तिथल्या न्यू हॅम्पशायर राज्याच्या खेड्यांत टिकली. तिथले कॉलर राल्फ पेज (१९०३–१९८५) यांचा त्यात मोठा वाटा. पुढे १९६० आणि ७०च्या दशकांत कॉलर डडली लॉफमन यांच्याभोवती तरुण मंडळी जमली आणि नाच पुन्हा पसरला. आज तो अमेरिकेच्या बहुतेक मोठ्या शहरांत सापडतो.

रांगा हॉलच्या लांबीत लागतात. मंचाकडचं टोक म्हणजे ‘वर’. वरून सुरुवात करून चार-चार जण हात धरतात. कॉलर ‘हँड्स फोर फ्रॉम द टॉप’ म्हणतो ते यासाठी. प्रत्येक चौकडीत दोन जोड्या. मंचाजवळची जोडी ‘वन्स’, पलीकडची ‘टूज’. जोडीत डावीकडचा लार्क, उजवीकडचा रॉबिन. पूर्वी इथे जेंट्स आणि लेडीज म्हणत. आता बऱ्याच ठिकाणी लार्क आणि रॉबिन म्हणतात आणि कोणीही कोणतीही बाजू घेतं. तुम्ही कॉल करणार त्या हॉलची रीत आधी विचारून घ्या आणि तीच पाळा. एक फेरी संपली की वन्स एक जागा खाली सरकतात, टूज एक जागा वर. नवे शेजारी मिळतात आणि तोच नाच पुन्हा सुरू होतो.

कान तयार करा

नेहमीची कॉन्ट्रा धून ३२ बारची (एक बार म्हणजे पावलांच्या दोन मात्रा) असते आणि तिचे दोन भाग दोनदा वाजतात: ए, ए, बी, बी. बोलताना त्यांना ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू म्हणतात. प्रत्येक भागात पावलांच्या १६ मात्रा, म्हणजे पूर्ण फेरीत ६४. धून जिग प्रकारातली असो वा रील, पावलांचा हिशेब तोच. मात्रेच्या आत काय भरलंय तेवढं बदलतं. जिगमध्ये एका मात्रेचे तीन तुकडे ऐकू येतात, रीलमध्ये चार.

इथे मराठी कानाला एक आयती सोय आहे. १६ मात्रा म्हणजे तीनतालाचं एक आवर्तन. शाळेत तबला शिकला असाल किंवा घरात पेटीवर रियाझ चालत असेल तर ‘धा धिं धिं धा’ तोंडात असतंच. एखादी रील लावा आणि तिच्यावर ठेका म्हणा. प्रत्येक समेला एक भाग सुरू होईल, चार आवर्तनांत फेरी पूर्ण होईल. बहुतेक हालचाली ८ किंवा १६ मात्रांच्या असतात, म्हणजे त्या समेवर किंवा नवव्या मात्रेवर, ‘खाली’च्या जागी, सुरू होतात. आता कॉल कुठे टाकायचा ते आपोआप दिसतं. समेवरच्या हालचालीचा कॉल शेवटच्या विभागात, ‘ता धिं धिं धा’ चालू असताना. ‘खाली’च्या जागच्या हालचालीचा कॉल दुसऱ्या विभागात, पाच ते आठ मात्रांवर. गायक मुखडा घेऊन समेवर येतो त्याच जागी तुमचं वाक्य संपलं पाहिजे, आणि समेवर पाऊल नाचणाऱ्यांचं पडलं पाहिजे.

फरक एवढाच की इथे ‘खाली’ हाताने दाखवत नाहीत. ए आणि बी यांतला फरक सुरावटीतून कळतो. बी भाग बहुधा वरच्या सुरांत चढतो. म्हणून रोज वेगवेगळ्या धुनी ऐका आणि मोजणं थांबवून फक्त ‘आता बी-वन आला’ एवढं ओळखायचा सराव करा. कोणत्याही क्षणी आपण फेरीत कुठे आहोत हे न मोजता कळू लागलं की निम्मं काम झालं. हे होण्याआधी माइक हाती घेऊ नका, असं मी आग्रहाने सांगतो. हालचाली कार्डावर वाचता येतात. फेरीतली जागा मात्र कानानेच सापडते.

एकच नाच, पण आरपार

पहिल्या कॉलसाठी एकच नाच निवडा आणि तो हाडात मुरवा. नेहमीच्या हालचालींचा एक साधा नाच उदाहरणाला घेऊ (शेजारी म्हणजे चौकडीतल्या दुसऱ्या जोडीतला आपल्या बाजूचा माणूस; बॅलन्स म्हणजे ठोक्यावर पाऊल पुढे-मागे, स्विंग म्हणजे एकमेकांना धरून जागेवर फिरणं, चेन म्हणजे दोन रॉबिन्सनी पलीकडे जाणं, पास थ्रू म्हणजे एकमेकांना ओलांडून पुढे जाणं):

ए-वन: शेजाऱ्याबरोबर बॅलन्स (४), स्विंग (१२).
ए-टू: लांब रांगा पुढे आणि मागे (८), रॉबिन्स चेन करून पार्टनरकडे (८).
बी-वन: पार्टनरबरोबर बॅलन्स (४), स्विंग (१२).
बी-टू: डावीकडे पाऊण वर्तुळ (८), हात धरून रिंग बॅलन्स (४), शेजाऱ्याला उजवा खांदा देत पास थ्रू आणि पुढचा शेजारी (४).

कॅरमच्या चार सोंगट्या काढा: दोन काळ्या लार्क, दोन पांढऱ्या रॉबिन. वन्सच्या दोघांवर खडूने खूण करा. मंचाची बाजू ठरवा, सोंगट्या मांडा आणि नाच हाताने चालवा. वन्स खाली तोंड करून असताना लार्क त्यांच्या डाव्या हाताला, टूज वर तोंड करून असताना लार्क त्यांच्याही डाव्या हाताला, इथून सुरुवात. प्रत्येक स्विंगनंतर रॉबिन लार्कच्या उजवीकडे आणि दोघांची तोंडं समोरच्या रांगेकडे. पाऊण वर्तुळ संपलं की चौघंही फेरी सुरू झाली त्या जागी परत आलेले दिसतील, आणि पास थ्रूने वन्स खाली सरकतील. हे हाताने करून पाहिलं की कोणी हॉलमध्ये ‘आता मी कुठे जाऊ?’ विचारलं तरी गडबड होत नाही.

मग दोन्ही टोकं तपासा. तिथे पोचलेल्या जोडीला एक फेरी समोर कोणी नसतं. पास थ्रूनंतर तिचं तोंड हॉलबाहेर असतं. तिने एकमेकांच्या जागा बदलून आत वळायचं आणि पुढच्या फेरीला यायचं. वरून आलेले वन्स आता टूज होतात, खालून आलेले टूज वन्स. नवखे सगळ्यात जास्त टोकालाच चुकतात. कॉलरने ते आधीच ओळखून ठेवलेलं असावं.

नाच कार्डावर लिहा. वर नाव आणि रचनाकार, मग रांगेचा प्रकार, मग चार भाग चार ओळींत. कोपऱ्यात वादकांसाठी एक ओळ: बॅलन्स कुठे, चाल कशी हवी. अक्षर मोठं ठेवा. हॉलमधले दिवे मंद असतात.

काय म्हणायचं, कोणत्या मात्रेवर

कॉलमध्ये आधी ‘कोण’, मग ‘काय’, गरज असेल तर ‘कुठे’. ‘रॉबिन्स चेन’. ‘पार्टनर, बॅलन्स अँड स्विंग’. ‘सर्कल लेफ्ट, थ्री क्वार्टर्स’. ज्याला हलायचंय त्याने आपलं नाव पहिल्यांदा ऐकलं की अंग आधीच तयार होतं. समजावून सांगणारी वाक्यं वॉकथ्रूमध्ये, म्हणजे संगीत सुरू होण्याआधीच्या तालमीत, संपवा.

वरच्या नाचाचे कॉल असे पडतील. वादक सुरुवातीला चार ठोके देतात, त्यांना ‘फोर पोटेटोज’ म्हणतात. त्या चार मात्रांतच ‘नेबर्स, बॅलन्स अँड स्विंग’ संपवा. ए-वनच्या १३ ते १६वर ‘लाँग लाइन्स, फॉरवर्ड अँड बॅक’. ए-टूच्या ५ ते ८वर ‘रॉबिन्स चेन’. त्याच भागाच्या शेवटी ‘पार्टनर, बॅलन्स अँड स्विंग’. बी-वनच्या शेवटी ‘सर्कल लेफ्ट, थ्री क्वार्टर्स’. बी-टूमध्ये गर्दी होते: ७-८वर ‘बॅलन्स द रिंग’, ११-१२वर ‘पास थ्रू’ आणि लगेच शेवटच्या चारांत ‘न्यू नेबर, बॅलन्स अँड स्विंग’. या शेवटच्या आठ मात्रांचा वेगळा सराव करा.

मराठी बोलणाऱ्यांनी एक गोष्ट मुद्दाम लक्षात घ्यावी. आपण अक्षरांना साधारण सारखं वजन देतो. कॉलला ते चालत नाही. ‘पार्ट’, ‘बॅल’, ‘स्विंग’ ही अक्षरं ठोक्यावर आपटायला हवीत आणि मधलं ‘अँड’ जवळजवळ गिळायला हवं. उच्चार अमेरिकन करण्याची मुळीच गरज नाही. ठोक्यावर पडलेला मराठी वळणाचा कॉल ठोका चुकलेल्या अस्सल न्यू इंग्लंडी कॉलपेक्षा कितीतरी चांगला ऐकू येतो. आवाजाची पट्टीही धुनीच्या आसपास ठेवून पाहा; बोलणं संगीताला खुपत नाही.

घरी सराव करताना रेकॉर्ड लावा, उभे राहा आणि हलत-हलत कॉल करा. बसून केलेला सराव हॉलमध्ये उपयोगी पडत नाही. स्वतःचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून ऐका. कॉल सतत अर्धी मात्रा उशिरा पडत असेल तर तो लगेच कळेल. बहुतेक नव्या कॉलरांचा कॉल उशिराच पडतो, लवकर क्वचितच.

आणि आता माझ्या मते या सगळ्यातली खरी कारागिरी: कॉल कमी करणं. पहिल्या दोन-तीन फेऱ्या पूर्ण कॉल. मग शब्द गाळा: ‘पार्टनर, बॅलन्स अँड स्विंग’चं नुसतं ‘पार्टनर’. मग जिथे लोक स्वतःहून जातायत ते कॉल सोडा आणि अडखळण्याची जागा तेवढी धरा. पाचव्या-सहाव्या फेरीला शक्य असेल तर गप्प व्हा. हॉल बघत राहा. एखादी चौकडी डगमगली तर तेवढ्यापुरतं बोला. तुम्ही थांबलात की फिडल ऐकू येतं आणि पावलं बदलतात. बॅलन्स एकत्र पडू लागतात. सगळ्या हॉलची जमीन एकदम वाजते तो आवाज ऐकायला मिळतो, त्यासाठी मी हे काम करतो.

वॉकथ्रू

संगीताशिवाय नाच एकदा चालवून दाखवणं म्हणजे वॉकथ्रू. नवखे जास्त असतील तर दोनदा, त्यापेक्षा जास्त नको. हालचाल सुरू करण्याआधी ती कुठे संपणार ते सांगा: ‘चेन करा, तुमच्या पार्टनरकडे संपेल.’ नवखा माणूस रस्ता विसरला तरी मुक्काम माहीत असला की पोचतो. कॉलचे शब्द इथेही तेच वापरा. शिकवताना एक आणि नाचताना दुसरं असं केलंत तर लोक गोंधळतात.

एका चौकडीला अडचण आली म्हणून सगळ्या हॉलला थांबवू नका. जुन्या नाचणाऱ्यांना त्यांच्याकडे वळू द्या. बोलणं मात्र आदराचं असू द्या. लोक इथे आनंदाला आलेत आणि चुकणाऱ्याचं बोट धरून पुढे नेण्याची रीत या नाचात फार जुनी आहे. संध्याकाळच्या सुरुवातीला दोन गोष्टी जरूर सांगा: चक्कर येऊ नये म्हणून स्विंगमध्ये पार्टनरच्या डोळ्यांकडे किंवा खांद्याकडे बघा, आणि कुणालाही विचारल्याशिवाय झुकवू किंवा गरगर फिरवू नका.

वादकांशी बोलणं

याच जागी नवे कॉलर सगळ्यात कमी वेळ देतात, म्हणून मी इथे जास्त थांबतो.

आठवडाभर आधी बँडला निरोप पाठवा. कोणती वाद्यं येणार, त्यांना सध्या कोणते सेट (एका नाचासाठी जोडलेल्या दोन-तीन धुनी) वाजवायला आवडतायत, आणि त्यांना नाचांची यादी आधी हवी की कार्ड हातात मिळालं तरी चालेल, एवढं विचारा. काही बँड सगळं ठरवून येतात, काही वॉकथ्रू ऐकता-ऐकता धून निवडतात. दोन्ही पद्धती चांगल्या. तुम्हाला कोणत्या पद्धतीच्या बँडबरोबर काम आहे ते माहीत हवं. त्यांच्या आवडीचा सेट कळला तर त्याला शोभेल असा नाच तुम्ही निवडा. हे उलटं वाटेल, पण आवडीचं वाजवणारा बँड हॉलला वर उचलतो.

नाचाच्या दिवशी तासभर आधी पोचा. ध्वनिचाचणी झाली की बँडबरोबर दहा मिनिटं बसा आणि या गोष्टी पक्क्या करा.

बँडमध्ये इशारा कोणाला द्यायचा? अनेकदा फिडलवाला, कधी पियानोवर बसलेली व्यक्ती. एकच माणूस ठरवा आणि तो दिसेल अशा जागी उभे राहा.

सुरुवात कशी? फोर पोटेटोज की आणखी काही? वॉकथ्रू संपल्यावर तुम्ही ‘तयार?’ विचारणार की मान हलवणार?

शेवट कसा? बहुतेक कॉलर तीन बोटं दाखवतात: अजून तीन फेऱ्या. पण चालू फेरी त्यात धरायची की नाही, हे दर बँडला वेगळं वाटू शकतं. म्हणून शब्दांत ठरवून घ्या. माझी पद्धत अशी की बी-वनच्या आसपास बोटं दाखवायची आणि ती पुढची फेरी सुरू होते तिथपासून मोजायची. मग दोन, एक, आणि शेवटच्या फेरीला मूठ. मधल्या फेऱ्यांतही बोटं दाखवत राहा, कारण वादक डोळे मिटून वाजवत असतील. अनेक बँडमधला म्होरक्या शेवटच्या फेरीला स्वतः पाय उचलून साथीदारांना खूण करतो. तो उचललेला पाय दिसला की तुमचा निरोप पोचला.

लय कशी सांगायची? अंगठा वर म्हणजे जलद, खाली म्हणजे संथ, एवढं पुरे. साधारण लय मिनिटाला ११२ ते १२० मात्रा. मीटर न लावता मोजायची सोपी युक्ती: एक पूर्ण फेरी घड्याळावर धरा. ३२ सेकंदांत संपली तर लय १२०, ३४ सेकंदांत संपली तर ११३च्या जवळ. नवखे जास्त असतील किंवा हॉलमध्ये वयस्क मंडळी असतील तर ३४च्या आसपास ठेवायला सांगा. संथ लयही जोमदार वाजू शकते; ‘हळू वाजवा’ म्हणण्यापेक्षा ‘थोडा श्वास असू द्या, पण ठोका पक्का’ म्हटलं की चांगल्या वादकाला नेमकं कळतं.

मग धुनीची निवड. वादकांना नाचाची प्रत्येक हालचाल ऐकायची नसते. त्यांना तीन गोष्टी लागतात: जिग की रील, बॅलन्स कुठे आहेत, आणि नाच ठसक्याचा की वाहता. ‘ए-वन आणि बी-वनच्या सुरुवातीला बॅलन्स, ठसक्याची रील’ एवढ्यावर वरच्या नाचाचं काम भागतं. त्या जागी दोन ठळक ठोके असणारी धून ते काढतील. ‘हे’सारखी विणत जाणारी हालचाल असेल तर सलग वाहणारी रील मागा. चालण्याची डौलदार हालचाल जास्त असेल तर जिग किंवा मार्च. विशिष्ट धुनीचं नाव घेऊन मागणी फक्त तेव्हा करा, जेव्हा नाच आणि धून एकमेकांना बांधलेली असतात. ‘पेट्रोनेला’ तसा आहे. ‘कोरस जिग’ही तसाच, आणि नावात जिग असली तरी ती रील आहे. ‘मनी मस्क’ला तर ३२ऐवजी २४ बारची फेरी चालते, तो करायचा असेल तर बँडशी आधी बोलणं भागच आहे. कॅनडातल्या क्यूबेकच्या आणि अमेरिकन दक्षिणेच्या परंपरांत काही धुनी मुळातच एखादी मात्रा जास्त किंवा कमी असलेल्या असतात. ऐकायला त्या अप्रतिम, पण या नाचाच्या चौकटीत बसत नाहीत. अनुभवी बँड त्या बाजूला ठेवतो, नव्या बँडला मात्र आठवण करून द्या.

वॉकथ्रू चालू असताना बँडला धून ठरवायला आणि सूर लावायला वेळ मिळतो. कार्ड त्यांना तेव्हाच द्या. वॉकथ्रू संपून नाच सुरू होईपर्यंत लांबण लागली की हॉलची ऊब जाते, म्हणून तुमचं शेवटचं वाक्य संपताच ते तयार असावेत असा अंदाज बांधा.

आता एक बारकावा, जो माझ्या लेखी या सगळ्या मेळाचं मर्म आहे. एका नाचाला बँड सहसा दोन-तीन धुनींचा सेट वाजवतो. ११६च्या लयीत एक फेरी साधारण ३३ सेकंदांची, म्हणजे पंधरा फेऱ्यांना सव्वाआठ मिनिटं. त्यात तीन धुनी प्रत्येकी पाचदा येतात. पाचव्या फेरीनंतर धून बदलते, अनेकदा सूरही बदलतो: डी मेजरमधून एकदम ए मेजर, किंवा ई मायनर. त्या क्षणी हॉलमधून आरोळी उठते. त्या क्षणावर कॉल टाकू नका. बदल कधी येणार ते बँडला आधी विचारून ठेवा आणि त्याच्या आधीच्या फेरीत तुमचा आवाज बंद झालेला असू द्या. तसं जमत नसेल, अजून कॉल लागत असेल, तर समजा की नाच जमलेल्या लोकांना जड पडला. पुढच्या वेळी सोपा निवडा.

बँडकडून कधी फेरीत गडबड होते, एखादा ए जास्त वाजतो. त्यांच्याकडे रोखून बघू नका. त्यांना कळलेलंच असतं. तुमचं लक्ष हॉलवर ठेवा. चालू असलेली स्विंग लांबवा, पुढची सम ऐका आणि तिच्या आधी पूर्ण कॉल टाकून सगळ्यांना त्या समेवर उभं करा.

ध्वनिव्यवस्थेबद्दल थोडंच. माइक ओठांजवळ, दोन बोटांच्या अंतरावर. ओरडू नका. तुमच्या आवाजातला खर्ज कमी करायला सांगा. पियानो आणि गिटार त्याच पट्ट्यात असतात आणि शब्द बुडतात. हॉलच्या खालच्या टोकाला कुणाला उभं करून शब्द समजतात का ते विचारा.

मानधनाचं आधी स्पष्ट ठरवा. अनेक ठिकाणी हॉलचं भाडं वजा करून दारावर जमलेले पैसे वादक आणि कॉलर यांच्यात वाटले जातात. आणि वादकांची नावं घ्या, वाद्यासकट, मध्यंतराआधी एकदा आणि शेवटी एकदा. नावं बरोबर उच्चारता यावीत म्हणून त्यांनाच विचारून घ्या.

विस्कटलं तर

एखादी रांग मोडली तर तिथली हालचाल दुरुस्त करत बसू नका. तेवढ्यात फेरी पुढे जाते. पुढचा भक्कम टप्पा पकडा, आणि तो जवळजवळ नेहमी स्विंग असतो. ‘तुमचा शेजारी शोधा आणि स्विंग करा’ असं स्पष्ट सांगा. वरच्या नाचात प्रत्येक फेरी शेजाऱ्याच्या स्विंगने सुरू होते आणि तो त्याच कारणासाठी नवख्यांना चांगला. अर्ध्याहून जास्त हॉल हरवला तर मात्र संकोच न करता बँडला थांबायची खूण करा, एका वाक्यात काय करायचं ते सांगा आणि पुन्हा सुरू करा.

संध्याकाळची मांडणी

तीन तासांच्या नाचात मध्यंतराआधी पाच-सहा आणि नंतर चार-पाच नाच बसतात. मध्यंतराला आणि शेवटी वॉल्ट्झ असतो. तो बँड निवडतो, तुम्ही फक्त लोकांना सांगायचं. पहिले दोन नाच अगदी सोपे ठेवा, कारण उशिरा येणारे नवखे तेव्हाच रांगेत शिरतात. अवघड नाच मध्यंतराच्या थोडा आधी. एकाच हालचालीने सुरू होणारे दोन नाच लागोपाठ नको. जिगही अधूनमधून पेरा, नाहीतर सगळ्या रील ऐकून कान आणि मनगटं दोन्ही थकतात. फिडलवाल्याच्या मनगटाचा विचार कॉलरने करायचा असतो. रांग लहान असेल तर नाच लवकर थांबवा; लोक तेच तेच शेजारी पुन्हा भेटू लागले की पुरे.

पहिली पावलं

पूर्ण संध्याकाळ अंगावर घेऊ नका. अनेक गटांमध्ये नव्या कॉलरांना एक-दोन नाच कॉल करायची संधी देतात. तिथल्या कॉलरला विचारा, बहुतेक जण आनंदाने ‘हो’ म्हणतात. कंट्री डान्स अँड साँग सोसायटी ही १९१५ साली सुरू झालेली संस्था कॉलर आणि वादक दोघांसाठी शिबिरं भरवते. शक्य झालं तर एखाद्या संध्याकाळी नाचायचं सोडून बँडच्या बाजूला बसा आणि कॉलर आणि बँड एकमेकांकडे कधी बघतात, तेवढंच पाहा. एखादं वाद्य थोडंफार येत असेल तर वादकांच्या घरगुती बैठकीतही जा. आठ-दहा धुनी स्वतः वाजवलेल्या असल्या की बी-वन कधी येणार ते विचारावं लागत नाही.

नाच संपल्यावर, वाद्यं पेट्यांत जाण्याआधी, कोणत्या नाचाला त्यांनी कोणता सेट वाजवला ते विचारा आणि त्या-त्या कार्डाच्या मागे लिहून ठेवा. पुढच्या बँडला हवी ती चाल कळवताना तोच सेट उदाहरण म्हणून सांगता येतो.